बर्फ कोणी हटवायचा? कॅनडाच्या प्रांतांतील हिवाळा आणि राजकारण

कॅनडातील प्रांतिक राजकारणाचे विषय ठरवण्यात हिवाळ्याचा वाटा मोठा आहे. १८६७च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने संरक्षण, चलन, टपाल ही वजनदार खाती केंद्राकडे ठेवली. नगरपालिका, स्थानिक बांधकामे, सार्वजनिक जमिनी असे किरकोळ वाटणारे विषय प्रांतांकडे सोपवले. पण व्हँकुव्हरसारखा पावसाळी किनारा सोडला, तर जिथे वर्षातले चार-पाच महिने जमीन बर्फाखाली असते, तिथे रस्ता कोण मोकळा करणार आणि घर कशाने तापणार यापेक्षा मोठे प्रश्न फारसे नसतात. हे दोन्ही प्रश्न नेमके त्या ‘किरकोळ’ यादीत मोडत होते. त्यामुळे सरकारबद्दलची रोजची कुरकुर आणि रोजचे कौतुक दोन्ही प्रांताच्या मुख्यमंत्र्याच्या, तिकडच्या भाषेत प्रीमियरच्या, वाट्याला आले. हा इतिहास क्वेबेकमध्ये सर्वात ठळक दिसतो.

फ्रेंच अमदानीतल्या ‘न्यू फ्रान्स’ वसाहतीत बर्फ हटवण्याची कल्पनाच नव्हती. बर्फ दाबून त्याचाच रस्ता करायचा असे. शेताच्या हद्दीतला रस्ता ज्याने त्याने तुडवून घट्ट करावा, आणि वादळात वाट चुकू नये म्हणून दोन्ही कडांना फरची लहान झाडे रोवावीत, असे हुकूम निघत. खरे तर प्रवासाला हिवाळाच सोयीचा होता. वसंतातल्या चिखलात गाडीची चाके रुतत. बर्फावर मात्र घसरगाडी एका घोड्याने सहज पळे. लाकडाची ने-आण, बाजार, सोयरिकी हे सारे याच दिवसांत उरके. सेंट लॉरेन्स नदी गोठली की तिच्यावरून वाट पडे. १८८०च्या दशकाच्या आरंभी तर माँट्रियलजवळ या गोठलेल्या नदीवर चक्क रेल्वेचे रूळ टाकून गाड्या चालवल्या गेल्या, आणि त्या उद्योगात एक इंजिन नदीच्या तळाशी गेले.

बर्फावरून सरकार आणि प्रजा यांच्यात जुंपल्याचा एक जुना प्रसंग १८४०चा आहे. १८३७-३८च्या बंडांनंतर क्वेबेकची, म्हणजे तेव्हाच्या लोअर कॅनडाची, निवडून आलेली विधानसभा बरखास्त झाली होती आणि गव्हर्नरने नेमलेले एक खास मंडळ कारभार पाहत होते. फ्रेंच शेतकऱ्यांच्या घसरगाड्या बुटक्या असत. त्यांच्या तळाने बर्फ पुढे ढकलला जाई आणि रस्त्यावर ओळीने उंचवटे तयार होत. या धक्क्यांनी इंग्रज प्रवासी हैराण होत. तेव्हा मंडळाने वटहुकूम काढून घसरगाडीची बांधणीच बदलायला सांगितले. खेड्यापाड्यांतून याला कडवा विरोध झाला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने जुनी गाडी घरी बनत होती आणि नवीला पैसे पडणार होते. शिवाय हुकूम काढणाऱ्यांना कोणी निवडून दिले नव्हते. इतिहासाच्या पुस्तकांत बंडाला पानेच्या पाने मिळतात आणि घसरगाडीला क्वचितच एखादी ओळ. त्या वर्षी खेड्यातल्या माणसाला राज्यकर्ते परके आहेत हे जाणवले ते मात्र या गाडीमुळेच अधिक.

शहरांचे गणित वेगळे होते. माँट्रियलमध्ये वर्षाला सरासरी दोन मीटरहून अधिक बर्फ पडतो. एकोणिसाव्या शतकात घरासमोरची पायवाट साफ करणे हे घरमालकाचे काम होते, आणि रस्त्यातला बर्फ साचत साचत वसंतापर्यंत तसाच राही. विजेच्या ट्राम आल्यावर रूळ मोकळे ठेवणे भाग पडले. ट्रामचे फिरते झाडू बर्फ बाजूला उडवत, तो दुकानांसमोर ढीग होऊन पडे आणि दुकानदार बोंब मारत. फावडी आणि घोडागाड्या यांवर भागेना, तेव्हा आर्थर सिकार यांचे यंत्र आले. मळणीयंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. बर्फ आत ओढून नळीतून दूर फेकणारे हे यंत्र त्यांनी १९२५मध्ये सिद्ध केले आणि १९२७मध्ये माँट्रियललगतच्या ऊत्रमाँ नगरपालिकेला पहिले विकले. आज शहरात बर्फ नुसता बाजूला सारला जात नाही. ट्रकांत भरून उचलला जातो. त्याआधी रस्त्यावरच्या मोटारी हलवाव्या लागतात, न हलवणाऱ्याची मोटार ओढून नेली जाते, आणि मोटार ओढणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा आवाज माँट्रियलच्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. पूर्वी हा बर्फ नदीत लोटत. मीठ आणि तेल मिसळलेल्या बर्फाने पाणी नासते म्हणून प्रांताने ते थांबवले. आता बराचसा बर्फ फ्रँकॉन नावाच्या जुन्या दगडखाणीत जातो. तिथला डोंगर उन्हाळा सरत आला तरी पुरता वितळत नाही.

खेड्यांत मात्र मोटार येऊनही हिवाळ्याचे चित्र बदलले नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून काही मोजके मुख्य रस्ते हिवाळ्यात उघडे ठेवले जाऊ लागले. बाकी ठिकाणी नोव्हेंबरात मोटार गोठ्यात ठेवून द्यायची, ती एप्रिलात काढायची. वाल्कूर गावचे यंत्रकार जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात पोटाच्या आजाराने दगावला. रस्ते बंद असल्याने त्याला वेळेत इस्पितळात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्दिए आधीपासूनच करत होते. १९३७मध्ये त्यांना दातेरी चाक आणि पट्टा यांच्या जोडणीचे पेटंट मिळाले, आणि गोल खिडक्यांची, सात जणांची ‘बी-७’ गाडी बाजारात आली. पुढे बारा जणांचीही निघाली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले, अंत्यसंस्काराला निघालेला पाद्री, सगळे हिच्यातून जाऊ लागले.

या धंद्याला धक्का दिला तो प्रांताच्या सरकारने. मॉरिस द्युप्लेसी १९३६ ते १९३९ आणि पुन्हा १९४४ ते १९५९ असे क्वेबेकचे प्रीमियर होते. त्यांच्या युनियन नासियोनाल पक्षाचा जीव खेड्यांत होता आणि रस्त्यांची कंत्राटे ही त्या पक्षाची चलनी नाणी होती. योग्य उमेदवार निवडून दिला की डांबराचा तुकडा मिळतो, हे ज्याला त्याला माहीत होते. १९४८मध्ये प्रांताने गावोगावचे रस्ते हिवाळ्यातही मोकळे ठेवण्याचा कायदा केला. वर्षभरात बोंबार्दिए यांची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. त्यांनी मग जंगल आणि खाणींसाठी वाहने बनवायला घेतली. १९५९मध्ये एकट्यादुकट्याने चालवायची छोटी ‘स्की-डू’ काढली, आणि गरजेची वस्तू म्हणून सुरू झालेला धंदा करमणुकीवर गब्बर झाला. बर्फाच्या कंत्राटामुळे गावातल्या कुणा ट्रकवाल्याला हिवाळाभर काम मिळे. ते कोणाला मिळते यावरून आमदाराची पत ठरे. द्युप्लेसींच्या राजवटीला पुढे ‘काळोखाचे पर्व’ असे नाव पडले. पण तिच्याच काळात शेतकऱ्याचा जानेवारी महिना उघडला आणि १९४५च्या कायद्याने त्याच्या घरात वीजही आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

विजेचा प्रश्न सार्वजनिक मालकीकडे आधी नेला तो शेजारच्या ऑन्टारिओने. अ‍ॅडम बेक यांच्या आग्रहाने १९०६मध्ये तिथे सरकारी जलविद्युत आयोग स्थापन झाला. क्वेबेकमध्ये अदेलार गोदबू यांच्या सरकारने १९४४मध्ये माँट्रियलची वीज कंपनी ताब्यात घेऊन हायड्रो-क्वेबेक उभी केली. उरलेला प्रांत मात्र खासगी कंपन्यांकडेच होता. एका गावचा दर दुसऱ्या गावाला लागू नव्हता; वायव्येकडच्या आबितिबी भागात तर विजेची वारंवारताच निराळी, म्हणजे साठ हर्ट्झऐवजी पंचवीस होती, त्यामुळे बाहेरून आणलेली विजेची उपकरणे तिथे नीट चालत नसत. ज्याँ लसाज यांच्या लिबरल सरकारातले मंत्री रेने लेव्हेक पूर्वी दूरचित्रवाणीवर काम करत. खडू आणि फळा घेऊन त्यांनी लोकांना वीज कंपन्यांचा हिशेब समजावून दिला. १४ नोव्हेंबर १९६२ची निवडणूक याच एका प्रश्नावर झाली, ‘आपल्या घरात आपणच मालक’ ही घोषणा गाजली आणि ९५पैकी ६३ जागा लिबरलांना मिळाल्या. पुढच्या वर्षी उरलेल्या मोठ्या कंपन्या प्रांताच्या झाल्या.

त्यापुढचा टप्पा प्रीमियर रोबेर बुरासा यांच्या जेम्स बे प्रकल्पाचा. १९७१मध्ये तो जाहीर झाला तेव्हा ज्या नद्या अडवायच्या होत्या त्यांच्या काठच्या क्री लोकांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी कोर्टात धाव घेतली, आणि १९७५मध्ये क्री व इन्युइट लोकांशी करार करावा लागला. याच दशकात तेल महागले. घर तापवण्यासाठी तेलाची भट्टी काढून विजेचे हीटर बसवण्याकडे क्वेबेकच्या घरांचा कल गेला. आज तिथली बहुतेक घरे विजेवर तापतात. म्हणून विजेची सर्वाधिक मागणी कडाक्याच्या थंडीत येते; ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती ४३ हजार मेगावॉटच्या वर गेली. स्वस्त विजेचा दर हा क्वेबेकच्या माणसाला जन्मसिद्ध हक्क वाटतो, आणि दरवाढीचे नाव काढणारा प्रीमियर जपूनच बोलतो.

या व्यवस्थेची कसोटी जानेवारी १९९८मध्ये लागली. ५ ते १० तारखांच्या दरम्यान पूर्व ऑन्टारिओ आणि दक्षिण क्वेबेकमध्ये गोठणारा पाऊस पडत राहिला. असा पाऊस थेंब म्हणून येतो आणि तार, फांदी, खांब यांना टेकताच काच होऊन बसतो. काही ठिकाणी शंभर मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला. सुमारे हजार पोलादी मनोरे आणि तीस हजारांवर लाकडी खांब कोसळले. क्वेबेकच्या जवळजवळ निम्म्या लोकांची वीज गेली. माँट्रियलच्या दक्षिणेला सँ-यासँत, ग्रँबी आणि सँ-ज्याँ या गावांमधल्या ‘काळ्या त्रिकोणात’ कित्येकांनी महिनाभर अंधार काढला. ९ जानेवारीला माँट्रियलची जलशुद्धीकरण केंद्रेही काही तास बंद पडली. ज्यांनी आधुनिक म्हणून लाकडाची चूल काढून टाकली होती त्यांना शाळांमधल्या निवाऱ्यात जावे लागले. ज्यांच्याकडे ती उरली होती त्यांच्या घरी सगळी आळी जमली.

प्रीमियर ल्यूसियँ बुशार आणि हायड्रो-क्वेबेकचे प्रमुख आंद्रे काये रोज संध्याकाळी एकत्र पत्रकारांसमोर बसत. काये यांच्या अंगात कोटाऐवजी उंच गळ्याचा स्वेटर असे. तो इतका ओळखीचा झाला की व्यंगचित्रकारांना काये यांचा चेहरा काढायची गरज उरली नाही. लोकांचा कंपनीवर राग असायला हरकत नव्हती, कारण मनोरे तिचेच पडले होते. पण ही कंपनी आपलीच, ही १९६२ची भावना कामी आली. मतपेटीत त्याचे किती उतरले हे सांगणे अवघड. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बुशार यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला, मात्र मते लिबरलांना किंचित जास्त पडली.

न्यूफाउंडलंडला मात्र हीच वीज खुपते. त्याच प्रांतात मोडणाऱ्या लॅब्राडोरमधल्या चर्चिल फॉल्सची वीज १९६९च्या करारानुसार २०४१पर्यंत क्वेबेकला मातीमोल दराने जाते, आणि हा अन्याय तिथे आजोबा नातवाला सांगतात. डिसेंबर २०२४मध्ये दोन्ही सरकारांनी दर वाढवण्याच्या नव्या मसुद्यावर सह्या केल्या. त्याआधी, जानेवारी २०१४मध्ये, न्यूफाउंडलंड बेटावरच ऐन थंडीत वीज गेली होती. प्रीमियर कॅथी डंडरडेल यांनी याला संकट म्हणायचे नाकारले. कुडकुडणाऱ्या लोकांना ते झोंबले. त्यांच्या कारभारावर आधीपासून असलेली नाराजी उफाळली आणि महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

पश्चिमेकडे भांडण तेल आणि गॅसचे. १९८०मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणून अल्बर्टाच्या तेलाच्या किमतीवर लगाम घातला. प्रीमियर पीटर लॉहीड यांनी उत्पादन घटवून उत्तर दिले, आणि पूर्वेकडच्यांना अंधारात गारठू द्या अशा अर्थाच्या शिवराळ पट्ट्या अल्बर्टातल्या मोटारींच्या मागे झळकल्या. हाच सूर २०२३मध्ये पुन्हा लागला. केंद्राने कार्बन करातून घरगुती तापवणीचे तेल तीन वर्षांपुरते वगळले. ते मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावर वापरतात. गॅसवर तापणाऱ्या सस्कॅचेवानला यात पक्षपात दिसला, आणि प्रीमियर स्कॉट मो यांच्या सरकारने १ जानेवारी २०२४पासून घरगुती गॅसवरचा कर गोळा करणेच थांबवले. लगेच १३ जानेवारीला, उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत, अल्बर्टात वीज कमी पडू लागली. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर इशारा वाजला, लोकांनी दिवे आणि यंत्रे बंद केली आणि काही मिनिटांत मागणी दीडशे मेगावॉटने उतरली. लोकांचा हा समजूतदारपणा दुसऱ्या दिवशीच्या वादात हरवला: दोष पवनचक्क्यांचा, गॅस केंद्रांचा की ओटावातल्या केंद्र सरकारचा, यावर बातम्या रंगल्या. ग्राहकांवरचा केंद्रीय कार्बन कर अखेर १ एप्रिल २०२५पासून बंद झाला.

प्रांतांचे लहान कायदेही याच चाकोरीतले आहेत. बिल थकले तरी हिवाळ्यात घराची वीज तोडायची नाही, हा नियम क्वेबेकमध्ये आहे, आणि विजेच्या दरांवरून संताप वाढल्यावर ऑन्टारिओनेही २०१७मध्ये तो केला. मोटारीला हिवाळी टायर लावण्याची सक्ती क्वेबेकने २००८पासून केली. ऑन्टारिओने सक्ती टाळून २०१६पासून विमा कंपन्यांना अशा मोटारींच्या हप्त्यात सूट द्यायला लावली. निवडणुकीच्या तारखाही थंडी पाहून ठरतात. डिसेंबर २००८मध्ये क्वेबेकमध्ये मतदान सुमारे ५७ टक्क्यांवर घसरले होते. २०१३च्या कायद्याने तिथे मतदान ऑक्टोबरवर नेले. ऑन्टारिओची ठरलेली तारीख जून २०२६ची होती. प्रीमियर डग फोर्ड यांनी ती न पाळता २७ फेब्रुवारी २०२५ला निवडणूक घेतली. १९८१नंतर त्या प्रांतातली ही पहिली हिवाळी निवडणूक. मोहीम चालू असतानाच टोरांटोत अर्ध्या मीटरच्या आसपास बर्फ पडला. उमेदवारांचे फलक गोठलेल्या जमिनीत रोवता येईनात, तेव्हा ते बर्फाच्या ढिगाऱ्यांत खोचले गेले. मतदान ४५ टक्क्यांच्या जरा वर झाले आणि फोर्ड यांचा पक्ष तिसऱ्यांदा बहुमताने निवडून आला.