केना ग्लायफोसेटला दाद देत नाही

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात मृगाच्या तोंडावर एक मत हमखास ऐकू येते: निंदणाला बाया मिळत नाहीत, तेव्हा ‘चोर बीटी’ (तणनाशक सोसणारी विनापरवाना कपाशी) लावा, वरून ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, तणाचा प्रश्न मिटला. हे मत वेडगळ नाही. श्रावणझडीत काळ्या मातीत डवरा चालत नाही, बघता बघता तण पऱ्हाटीच्या वर जाते आणि निंदणाची मजुरी दरवर्षी चढते. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे विनापरवाना बियाणे जाहीरपणे पेरले, तेव्हाही हेच गणित पुढे केले गेले होते.

कायद्याचा मुद्दा थोडा बाजूला ठेवू. या मताला उत्तर वावरातच आहे आणि ते केना हे तण देते.

केना कोमेलिना या कुळीतला. जगाच्या उष्ण पट्ट्यात तिच्या दीडशेहून अधिक जाती पसरल्या आहेत. लिनिअसने हे नाव कोमेलिन घराण्यावरून ठेवले. फुलाच्या दोन ठळक पाकळ्या म्हणजे घराण्यातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि तिसरी बारकी पाकळी म्हणजे काही कर्तृत्व दाखवण्याआधीच वारलेला तिसरा, असा त्याचा खवचट खुलासा होता. आपल्या वावरातला केना मात्र जमिनीखालीही फुलतो. वरची निळी फुले सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात. मातीतली फुले न उमलताच स्वतःशी फळतात आणि त्यांचे बी वरच्या बियांपेक्षा मोठे असते. म्हणजे वरून रान स्वच्छ दिसले तरी खाली पुढच्या हंगामाची पेरणी झालेली असते.

आता औषधाकडे वळू. ग्लायफोसेट पानातून शिरते, मातीत तणाचे बी रोखत नाही. केना तर पूर्ण पावसाळाभर टप्प्याटप्प्याने उगवतो. कोवळे रोप फवाऱ्याने मरते. थोडे जून झाले की पिवळे पडून पुन्हा फुटते. हा कयास नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सोसणारा कापूस सर्वत्र झाला आणि काही वर्षांतच हाच केना तिथल्या कापसातले सर्वांत त्रासदायक तण ठरला. बाकीची तणे मेली, याला रान मोकळे मिळाले. दुकानातले ‘गवताचे औषध’ही इथे कामाचे नाही, कारण केना एकदल असला तरी गवत नव्हे.

उलट टोकाचे एक मतही हल्ली रुजते आहे: तण म्हणजे धरित्रीचे पांघरूण, उपटूच नये. तेही मला पटत नाही. केन्याच्या पानांची भाजी होते, भजी होतात, जनावरेही तो खातात. पण पऱ्हाटीच्या पहिल्या दोन महिन्यांत तो ओळीत राहिला तर उत्पन्नाला फटका बसतोच. डवऱ्याचे कौतुकही आंधळे नको. झिमझिम पावसात डवरा मारला की केन्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेर ओल्या मातीत मुळ्या धरते. उघडीप पाहून, फुलावर येण्याआधी, मुळासकट उपटून तो वावराबाहेर न्यावा लागतो. हे कष्टाचे काम आहे, हे कबूल.

म्हणूनच मजुरीची अडचण खरी आणि तिच्यावरचा उपाय खोटा, असे माझे म्हणणे आहे. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे मुख्यतः कीटकनाशके होती, ग्लायफोसेटवर तो आळ घालणे अन्यायाचे ठरेल. पण पंप पाठीवर घेणारी माणसे तीच आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. त्या आदेशाने शेतकऱ्याने स्वतः मारायची सोय कागदोपत्री काढून घेतली. शिवाय ‘चोर बीटी’च्या पाकिटाला पक्के बिल नाही, त्यामुळे उगवण फसली तर तक्रार कुणाकडे न्यायची, हाही प्रश्नच.

यंदा पैनगंगा नदीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे, कुठलेही बिनबिलाचे पाकीट घेण्याआधी आपल्या वावरातला एक केना ओल असताना खुरप्याने खोल उकरून पाहा. मुळाशी पांढुरक्या, मातीत दडलेल्या शेंगा दिसल्या, तर त्या पाकिटाचे पैसे निंदणाच्या मजुरीसाठी राखून ठेवा.