पाणपोईचे पुण्य

आमच्या माळव्यातील जुन्या मराठी घरांत बदरीकेदारास निघणारा मनुष्य आधी घराची निरवानिरव करी आणि सुखरूप परतल्यावर मावंदे घाली. यात भाविकता होती, तसा अनुभवही होता. हृषीकेशपासूनच्या त्या पायवाटेवर कड्यांइतकेच भय पाण्याचे होते. मात्र ते डोळ्यांना दिसत नसे.

एप्रिल १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. १८९२ मध्ये सरकारने तेथील महावारुणीची जत्राच मोडली, तरी साथ थांबली नाही. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच लंडनमध्ये दाखवून दिले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या तलावाच्या पाण्यात तिचे जंतू सापडले. आग्र्याचे हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात हे जंतू मरतात, असे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. आपण तेवढेच लक्षात ठेवले. याच हॅन्किन यांनी साथीच्या काळात विहिरींत परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला होता, हे मात्र विसरलो.

अशी चूक आम्हीही केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी केदारनाथी पायी जाताना एका ओढ्याचे बर्फगार, नितळ पाणी आम्ही सर्वांस आग्रहाने पाजले. सरकारी नोकरीत जन्म गेलेला. म्हणून आमच्या शब्दावर सर्वांचा विश्वास. दुसऱ्या दिवशी आमच्या वहिनींना जुलाब सुरू झाले आणि त्यांना डोलीतून उतरवावे लागले. ओढ्याच्या वरच्या अंगास यात्रेकरू प्रातर्विधीस बसत, हे उतरताना दिसले. वहिनी बऱ्या झाल्या. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही, हेच अधिक लागले.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर धर्मशाळा, विहिरी व घाट बांधले. तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. शौचकूप बांधणे हेही तितकेच पुण्य आहे, हे मात्र मनावर ठसले नाही. वस्तुतः ही दोन्ही कामे एकच आहेत. वरच्या अंगाची घाण आवरली नाही, तर खालची पाणपोई रोगच वाटते.

आज घरोघरची तरुण मुले हिमालयात पदभ्रमणास जातात. त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. पाणी नितळ दिसले तरी खळखळून उकळावे. दोन हजार मीटरच्या वर ते निदान तीन मिनिटे उकळत ठेवावे, कारण उंचीवर पाणी कमी उष्णतेलाच उकळते. शौचकूप नसेल तेथे पाण्यापासून साठ मीटर तरी दूर, वीतभर खोल खड्डा करावा व तो बुजवावा. हात साबणाने धुवावेत, तेही प्रवाहात नव्हे.

वाटेवर आपल्यामागून येणाऱ्याचे पाणी आपल्या हाती असते. ते शुद्ध राखणे, हीच आजची पाणपोई होय.