‘बुलडॉग’ जातीचें आंखूड रिव्हॉल्व्हर : उत्पत्ति, निवड व परीक्षा

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांच्या संग्रहांत दप्तरांच्या जोडीस तरवारी, कट्यारी व जंबिये असतात, आणि क्वचित् एखादें आंखूड पाश्चात्य पिस्तूलहि असतें. तरवारींच्या घडणीविषयीं व मुठींच्या प्रकारांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. या परदेशी पिस्तुलांची बोळवण मात्र बहुधा एका वाक्यानें होते : “हें सत्तावन सालच्या धामधुमींतील.” वस्तूला बांधलेली अशी चिठ्ठी पुढें प्रमाण मानली जाते, आणि कालांतरानें तीच एखाद्या घराण्याच्या इतिहासांत पुरावा म्हणून शिरते. कागदाचा काल अक्षरवळण, शिक्का व भाषा यांवरून ठरवितां येतो. त्याचप्रमाणें शस्त्राचा काल त्याच्या रचनेवरून ठरवितां येतो. नव्हे, कित्येकदां तो अधिक निश्चयानें ठरतो. प्रस्तुत लेखांत मोठ्या गोळीचें परंतु खिशांत मावणारें रिव्हॉल्व्हर, ज्यास ‘बुलडॉग’ असें नांव पडलें, तें केव्हां व कोणत्या गरजेंतून निर्माण झालें याचा विचार करून, त्याच्या परीक्षेचीं कांहीं गमकें संग्राहकांपुढें ठेवावयाचीं आहेत.

१. पूर्वपीठिका

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचें पिस्तूल. चक्रांत पांच किंवा सहा घरें असतात. घोडा मागें सरतांना चक्र एक घर पुढें फिरतें आणि भरलेलें नवें घर नळीच्या मागें येऊन उभें राहतें. मराठींत यास ‘सहाबारी’ म्हणतात खरें, पण ज्या जातीचा येथें विचार आहे ती पांच बारांची. जुन्या कागदांतील ‘तमंचा’ व ‘पिस्तूल’ हे शब्द तर एकबारी शस्त्रासहि लागतात. म्हणून नुसत्या शब्दावरून शस्त्राची जात ठरविणें धोक्याचें होय.

सन १८५१ मध्यें लंडनला जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत दोन प्रतिस्पर्धी रिव्हॉल्व्हरें मांडलेलीं होतीं. एक अमेरिकन कारखानदार कोल्ट याचें, व दुसरें लंडनचा कारागीर रॉबर्ट ॲडम्स याचें. कोल्टच्या ‘नेव्ही’ नमुन्याचें भोंक .३६ इंचाचें, नळी साडेसात इंचांची व वजन अडीच पौंडांहून अधिक. त्याची चौकट वरून उघडी असे व नळी एका पाचरीनें अडकविलेली असे. प्रत्येक बारास घोडा अंगठ्यानें ओढावा लागे. ॲडम्सनें चौकट व नळी एकाच लोखंडांतून घडविली. त्यामुळें चक्राच्या वरून एक भक्कम पट्टी गेली व चौकट चोहोंकडून बंद झाली. त्याचें चक्र पांच घरांचें. नुसता चाप ओढला असतां घोडा आपोआप उठून पडे. बोमॉन्ट नांवाच्या इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंटानें १८५६ त या यंत्रांत सुधारणा करून घोडा अंगठ्यानें किंवा चापानें, दोन्ही रीतींनीं चढेल असें केलें, आणि त्याच वर्षीं इंग्रज सरकारनें तें लष्कराकरितां पत्करलें.

ॲडम्सच्या एका प्रचलित मापास ‘५४ बोअर’ म्हणत. एक पौंड शिशाच्या ५४ सारख्या गोल गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एकीचा जो व्यास तेंच हें माप. हा व्यास .४४२ इंच भरतो. पुढील काळाच्या काडतुसांवर ‘४४२’ हा जो चमत्कारिक आंकडा दिसतो, तो या जुन्या मापाचाच वारसा होय.

हीं सर्व शस्त्रें टोपीचीं होतीं हें विशेष लक्षांत ठेवावें. प्रत्येक घरांत पुढून दारू व गोळी ठांसावयाची आणि मागील लहान उंचवट्यावर टोपी बसवावयाची, अशी त्यांची भरणी असे.

२. सत्तावनचा अनुभव

इंग्रज अधिकाऱ्यास त्या काळीं पिस्तूल स्वखर्चानें घ्यावें लागे. त्यामुळें कोणतें घ्यावें हा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावयाचा असे. १८५७ च्या युद्धांत या निवडीची परीक्षा झाली. या संबंधांत एक कथा इंग्रजी शस्त्रवाङ्मयांत वारंवार येते. ती लेफ्टनंट कर्नल फॉस्बेरी यानें सांगितलेली आहे. नेमबाजीचा अभिमान बाळगणाऱ्या एका अधिकाऱ्यावर जड तरवार घेतलेला एक धिप्पाड शिपाई चालून आला. अधिकाऱ्याजवळ कोल्टचें ‘नेव्ही’ होतें. त्यानें सारे बार त्या शिपायावर सोडले व परिणाम पाहण्यास क्षणभर थांबला. तेवढ्यांत शिपायानें तरवारीच्या एका घावानें त्याचें मस्तक दांतांपर्यंत चिरलें आणि मग तो स्वतःहि तेथेंच पडून मेला. सहांपैकीं पांच गोळ्या शिपायाच्या छातींत जवळजवळ लागून पाठींतून बाहेर गेल्या होत्या.

ही साक्ष फॉस्बेरीची प्रत्यक्ष नव्हे. प्रसंग पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून त्यानें ती ऐकिली होती, व तींत अधिकाऱ्याचें वा शिपायाचें नांव नाहीं. शिवाय फॉस्बेरी हा स्वतः शस्त्रकल्पक होता. वेब्ली-फॉस्बेरी नांवाचें रिव्हॉल्व्हर त्याच्याच कल्पनेंतून निघालें. तेव्हां कथेंतील तपशील जशाच्या तसा घेऊं नये. तथापि तींतून निघणारा भेद मार्मिक आहे. शत्रूस मारणें ही एक गोष्ट, आणि त्यास जागच्या जागीं थांबविणें ही दुसरी. साठ गोळ्यांस एक पौंड, म्हणजे सुमारें ११६ ग्रेनांची, ती अणकुचीदार गोळी वेगवान् होती, दूरवर जाणारी होती. परंतु शरीरांतून ती आरपार निघून गेली व धक्का मागें राहिला नाहीं. चार हातांवर आलेल्या तरवारीपुढें लांब पल्ल्याचा उपयोग काय ? मोठी, जड व मंद गोळीच जवळच्या झटापटींत कामाची, हें मत इंग्रज अधिकाऱ्यांत यापुढें दृढ होत गेलें.

३. तीन गुणांचा मेळ

मोठी गोळी हवी म्हटलें कीं घरें रुंद होतात. घरें रुंद झालीं कीं चक्र फुगतें. चक्र फुगलें कीं शस्त्र जड होऊन कमरेच्या पट्ट्याशिवाय बाळगतां येत नाहीं. तें हलकें करावें म्हणून लोखंड पातळ केलें, तर तें टिकत नाहीं. लाघव, बल व टिकाऊपणा हे तीन गुण असे एकमेकांच्या आड येतात. टोपीच्या पद्धतींत हा तिढा सुटण्यासारखा नव्हता. तो सुटला धातूच्या काडतुसानें.

गोळी, दारू व टोपी एकाच धातूच्या वेष्टनांत घालून मागून भरण्याची मध्यस्फोटी काडतुसें इंग्रजी रिव्हॉल्व्हरांत १८६० नंतरच्या दशकांत आलीं. १८६८ त सरकारनें जुनीं बोमॉन्ट-ॲडम्स रिव्हॉल्व्हरें या रीतीस बदलून घेण्यास आरंभ केला. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्यानें .४४२ मापाचें एक सुटसुटीत, बंद चौकटीचें, सहा घरांचें रिव्हॉल्व्हर काढलें, आणि १८६८ त तें आयर्लंडच्या शाही पोलिसदलानें पत्करलें. १८६७ त झालेला फेनियनांचा उठाव मोडल्याबद्दल या दलास ‘शाही’ ही पदवी मिळाली होती. पोलिसाचें काम सैनिकासारखें नव्हे. महिनोन्महिने शस्त्र नुसतें बाळगावयाचें, पाऊसपाण्यांत हिंडावयाचें, आणि प्रसंग आला तर तो अवचित व अगदीं जवळून यावयाचा. त्यास साजेसें हें शस्त्र होतें.

याच रचनेस आणखी आंखडून १८७२ त वेब्लीनें ‘ब्रिटिश बुलडॉग’ बाजारांत आणलें. नळी अडीच इंचांची, घरें पांच, काडतूस .४४२ किंवा .४५० चें, मूठ लहान व खालीं वळलेली, आणि सर्व शस्त्र कोटाच्या खिशांत मावेल एवढें. लाघव व बल यांचा मेळ येथें दोन युक्त्यांनीं घातलेला आहे. पहिली युक्ति काडतुसाची. तें रुंद, पण आंखूड आहे. दारू थोडी, गोळी मात्र सुमारें २०० ते २२५ ग्रेनांची. दारू थोडी म्हणून चक्राच्या भिंतींवर दाब माफक पडतो, आणि काडतूस आंखूड म्हणून चक्राची लांबीहि कमी पुरते.

दुसरी युक्ति घरांच्या संख्येची. वर्तुळांत सहा घरें मांडलीं, तर घराच्या मध्यापासून आंसापर्यंतचें अंतर दोन शेजारी घरांच्या मध्यांतील अंतराइतकेंच होतें. पांच मांडलीं तर तें त्याच्या.८५ पट होतें. .४५० काडतुसाच्या बुडाचा कांठ अर्ध्या इंचाहून किंचित् रुंद असल्यामुळें शेजारी घरांचे मध्य त्याहून जवळ आणतां येत नाहींत. या हिशेबानें एक बार सोडून दिला कीं चक्राचा व्यास सुमारें दीड दशांश इंच कमी होतो. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. परंतु शस्त्राची जाडी चक्राच्या जाडीनेंच ठरते, आणि खिशांतील वस्तूस एवढी जाडी पुष्कळ झाली.

तिसरा गुण टिकाऊपणाचा, आणि तो बंद चौकटीनें साधला. बिजागरीवर मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत सर्व काडतुसें एका झटक्यांत बाहेर पडतात हें खरें. पण बिजागरी व कडी या झिजणाऱ्या जागा होत. बुलडॉगमध्यें त्या नाहींत. काळ्या दारूची राख ओल धरते व लोखंडास गंज चढविते. अशा स्थितींत सांधे जितके कमी तितकें शस्त्र दीर्घायु. गंजापासून रक्षण व्हावें म्हणून कित्येक नगांवर निकेलचा मुलामा दिलेला आढळतो.

अर्थात् या मेळाची किंमत मोजावी लागलीच. रिकामीं काडतुसें एकेक करून काढावीं लागत, म्हणून पांच बारांनंतर हें शस्त्र जवळजवळ निरुपयोगी होई. आंखूड नळीमुळें नेम चार-दोन पावलांपुरताच, आणि हलक्या अंगामुळें हातास धक्का जबर. सैन्याला हें परवडण्यासारखें नव्हतें. १८८७ त लष्करानें जें वेब्ली पत्करलें, तें .४५५ मापाचें, चार इंच नळीचें, बिजागरीवर मोडणारें व कमरपट्ट्यास लटकविण्याचें होतें. खिशांतील शस्त्र व पट्ट्यावरील शस्त्र यांचे मार्ग येथून वेगळे झाले.

४. प्रसार व अनुकरण

हें स्वस्त व सुटसुटीत शस्त्र इतकें खपलें कीं बेल्जममधील लीएज शहरीं आणि अमेरिकेंत त्याचीं अनुकरणें निघालीं. अमेरिकेच्या वुस्टर गांवीं फोरहँड आणि वॉड्सवर्थ यांनीं तेंच नांव घालून रिव्हॉल्व्हरें केलीं. वेब्लीनें १८७८ त नांवाची व्यापारी नोंदणी करून घेतली. तरी ‘बुलडॉग’ हा शब्द एका कारखान्याचा न राहतां एका जातीचा वाचक झाला.

अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड याजवर २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या आगगाडी स्टेशनांत गिटो नांवाच्या इसमानें गोळ्या झाडल्या, त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरांतून. अध्यक्ष १९ सप्टेंबरला वारला. डॉक्टरांनीं अस्वच्छ बोटांनीं व सळयांनीं जखम चांचपल्यामुळें ती विषारली, असें वैद्यकाचें पुढील मत आहे. तें रिव्हॉल्व्हर सरकारी संग्रहालयांत ठेविलें होतें. पुढें तें तेथून नाहींसें झालें व केवळ छायाचित्र उरलें. एवढ्या प्रसिद्ध शस्त्राची ही गत. मग खाजगी संग्रहांतील अनामिक नगांची काय कथा!

५. परीक्षेचीं गमकें

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुढील गोष्टी पाहिल्यास बहुतेक नगांचा काल व मूळ ठरेल.

(अ) चक्राची मागील बाजू. घरें आरपार असून मागून काडतूस भरण्याची सोय असेल व घोड्याचा आघात काडतुसाच्या मध्यावर पडत असेल, तर तें इंग्रजी रिव्हॉल्व्हर १८५७ चें असूं शकत नाहीं. यावर असा पूर्वपक्ष निघेल कीं, फ्रान्समध्यें लफोशेचीं मागून भरण्याचीं रिव्हॉल्व्हरें १८५४ तच होतीं. होतीं, परंतु त्यांच्या काडतुसांस बाजूस एक टांचणी असे व तिच्याकरितां प्रत्येक घराच्या मागील कांठावर खांच ठेविलेली असे. ती खांच नसेल तर हा पूर्वपक्ष टिकत नाहीं.

(आ) परीक्षाचिन्हें. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचें चिन्ह १८१३ पासून १९०४ पर्यंत मुकुटाखालीं परस्परांस छेदणारे दोन राजदंड असें असे. लीएजचें चिन्ह लंबवर्तुळांत ‘ई एल जी’ हीं रोमन अक्षरें व खालीं तारा असें आहे. त्या लंबवर्तुळावर मुकुट असल्यास तो नग १८९३ किंवा त्यानंतरचा समजावा.

(इ) पट्टीवरील नांव. चक्रावरील पट्टीवर पुष्कळदां विकणाऱ्या दुकानदाराचें नांव कोरलेलें असतें. तें कारखानदाराचें नांव समजूं नये. मात्र दुकान कोणत्या सालीं व कोठें होतें हें कळल्यास कालनिर्णयास मदत होते.

(ई) क्रमांक व परवाना. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें या देशांतील लोकांस शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. घरच्या कागदांत असा परवाना निघाला, तर त्यांतील वर्णन व क्रमांक शस्त्रावरील अंकांशीं ताडून पहावा. ते जुळले तर शस्त्र व घराणें यांचा संबंध कागदोपत्रीं सिद्ध होतो, आणि कोणत्याहि दंतकथेपेक्षां या पुराव्याचें मोल अधिक आहे.

येथें एक सूचना अवश्य दिली पाहिजे. काळ्या दारूकरितां घडलेलीं हीं शस्त्रें धूरविरहित दारूचीं काडतुसें घालून कधींहि झाडूं नयेत. चक्र फुटण्याचा संभव असतो. तसेंच १९५९ च्या कायद्यान्वयें जुन्या नमुन्याच्या शस्त्रास सूट मिळते, ती तें दुरुस्त करूनहि चालण्याजोगें नसेल तरच. चालूं शकणारें शस्त्र जुनें असलें तरी परवान्याविना घरांत ठेवणें अपराध होय.

सारांश, बुलडॉग रिव्हॉल्व्हर सत्तावनच्या रणांत कोणाच्याहि हातीं नव्हतें; त्या रणांत ज्या मताला बळकटी आली, त्या मताचें तें पंधरा वर्षांनंतरचें फळ आहे. म्हणून ज्या घरांत असें शस्त्र ‘सत्तावनचें’ म्हणून जपलें आहे, तेथील मंडळींनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. चिठ्ठी चुकली तरी वस्तु खोटी ठरत नाहीं. १८७८ नंतर एखाद्या हिंदी गृहस्थास परवाना कां मिळाला, तो कोणत्या अधिकारावर होता, त्यास कोणाचें भय होतें, हे प्रश्न त्या नगाबरोबर उभे राहतात, आणि त्यांचीं उत्तरें बहुधा त्याच घरच्या दप्तरांत निघतील. संग्राहकांनीं आपल्याजवळील नगाचें माप, चिन्हें, नांव व क्रमांक टिपून, त्याच्या सोबतच्या कागदांच्या नकलांसह मंडळाकडे धाडल्यास या जातीच्या शस्त्रांची एक विश्वसनीय यादी तयार होईल.