वाचविलेली मांजरे आणि सावरलेली माणसे

मांजर घराला धरून असते, माणसाला नव्हे, अशी एक जुनी समजूत आहे. ही समजूत खोटी ठरविणाऱ्या सत्यकथांचा एक स्वतंत्र प्रवाह इंग्रजी वाङ्मयात गेल्या चार दशकांत रूढ झाला. रस्त्यावर वा आडोशाला सापडलेले आजारी मांजर, त्याला आसरा देणारा आणि स्वतःही अडचणीत असलेला माणूस, आणि कालांतराने दोघांचेही सावरणे, असे या पुस्तकांचे स्थूल स्वरूप असते. ‘कोणी कोणाला वाचविले?’ हा प्रश्न त्यांच्याविषयी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर मांजराच्या अंगच्या एखाद्या अद्‌भुत शक्तीत शोधण्याचे कारण नाही. रोज पार पाडाव्या लागणाऱ्या साध्या जबाबदारीत ते सापडते, हे यांतील चांगली पुस्तके वाचताना ध्यानात येते.

पांढरा बोका आणि फटकळ लेखक

या प्रवाहाच्या आरंभी क्लीव्हलँड अ‍ॅमरी यांचे ‘द कॅट हू केम फॉर ख्रिसमस’ (१९८७) हे पुस्तक येते. अ‍ॅमरी हे अमेरिकेतील नामवंत लेखक व दूरचित्रवाणी समीक्षक. १९६७ साली त्यांनी ‘फंड फॉर अ‍ॅनिमल्स’ ही प्राणिरक्षणासाठी झटणारी संस्था स्थापन केली. नाताळच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कमधील एका गल्लीतून त्यांनी एक उपाशी, मळकट बोका सोडवून आणला. आंघोळ घातल्यावर तो शुभ्र पांढरा निघाला आणि त्याचे नाव ‘पोलर बेअर’ असे पडले. प्राण्यांच्या हक्कांसाठी जगाशी भांडणारा हा फटकळ गृहस्थ घरातल्या एका हट्टी बोक्यापुढे कसा नमतो, याचे खुसखुशीत वर्णन पुस्तकात आहे. विनोदाच्या आवरणाखाली प्राण्यांवरील क्रौर्याची जाणीव मात्र सतत जागी राहते.

ग्रंथालयातील ड्यूई

१८ जानेवारी १९८८ च्या सकाळी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या स्पेन्सर या छोट्या गावी, सार्वजनिक ग्रंथालयाच्या पुस्तके परत टाकण्याच्या पेटीत एक पिल्लू सापडले. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने त्याचे पाय गारठून दुखावले होते. ग्रंथपाल व्हिकी मायरन यांनी त्याला उबेत घेतले आणि ग्रंथालयातच ठेवण्याचा निर्णय झाला. ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई यांच्यावरून त्याचे नाव ‘ड्यूई’ ठेवण्यात आले. पुढे वाचकांच्या स्पर्धेतून ते ‘ड्यूई रीडमोअर बुक्स’ असे लांबले.

मायरन यांनी ब्रेट विटर यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘ड्यूई’ हे पुस्तक सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते बोक्याचे चरित्र आहे, तसेच एका गावाचेही आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेती मोठ्या अरिष्टात सापडली होती. जमिनीचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतांवर पाणी सोडण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. अशा दिवसांत काम शोधणारी माणसे ग्रंथालयात येत आणि हा बोका त्यांच्या मांडीवर जाऊन बसे. मद्यासक्त पतीपासून विभक्त झालेल्या, एकटीने मुलीला वाढविणाऱ्या आणि गंभीर आजारपणाशी झुंज दिलेल्या मायरन यांची स्वतःची कहाणीही त्यात गुंफलेली आहे. ड्यूईमुळे गावात कारखाना आला नाही, की कोणाचे कर्ज फिटले नाही. आपुलकीने बसावे अशी एक जागा मात्र गावाला मिळाली. २९ नोव्हेंबर २००६ रोजी त्याचा अंत झाला, तेव्हा २५० हून अधिक वृत्तपत्रांनी व नियतकालिकांनी त्याची मृत्युवार्ता छापली.

डोळे नसलेला होमर

ग्वेन कूपर यांच्या ‘होमर्स ओडिसी’ (२००९) या पुस्तकाचा नायक आंधळा आहे. जंतुसंसर्गामुळे अवघ्या काही आठवड्यांचा असताना पशुवैद्यांना त्याचे दोन्ही डोळे काढावे लागले. त्याला घ्यायला कोणी पुढे येईना. घरात आधीच दोन मांजरे आणि हाती बेताचेच पैसे असतानाही मायामीतील कूपर यांनी त्याला घेतले आणि अंध ग्रीक महाकवीचे नाव दिले. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जागतिक व्यापार केंद्राजवळचा परिसर बंद झाला आणि त्यांची तिन्ही मांजरे घरातच अडकली. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कूपर यांनी केलेली धडपड हा पुस्तकातील सर्वांत उत्कट भाग आहे. होमरची कीव करण्याची वेळ लेखिका वाचकावर येऊ देत नाही, हे या पुस्तकाचे बळ होय.

रस्त्यावरचा बॉब

या साऱ्यांत जगभर गाजले ते जेम्स बोवेन यांचे ‘अ स्ट्रीट कॅट नेम्ड बॉब’ (२०१२). लंडनमध्ये बेघर अवस्थेत काढलेली वर्षे आणि हेरॉइनचे व्यसन मागे टाकण्याचा बोवेन यांचा प्रयत्न चालू होता. मेथॅडोनचे उपचार घेत ते टॉटनहॅममधील निवासात राहत आणि कॉव्हेंट गार्डनमध्ये रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरत. २००७ साली इमारतीच्या प्रवेशमार्गात त्यांना पायाला जखम झालेला एक तांबूस बोका दिसला. औषधांसाठी जवळजवळ एका दिवसाची कमाई खर्ची पडली. दोन आठवड्यांचा औषधक्रम पुरा व्हावा म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतले. बरा झाल्यावर त्याला सोडूनही दिले. पण बोका मागोमाग चालत राहिला आणि एके दिवशी थेट बसमध्ये चढला.

या जोडीवर स्थानिक वृत्तपत्रात लेख आला, तो एका साहित्यिक प्रतिनिधीच्या दृष्टीस पडला आणि गॅरी जेन्किन्स यांच्या साहाय्याने पुस्तक सिद्ध झाले. २०१६ मध्ये त्यावर निघालेल्या चित्रपटात बॉबने स्वतःचीच भूमिका केली. जून २०२० मध्ये तो मरण पावला. २०२१ साली इस्लिंग्टन ग्रीन येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. वेळेवर उठणे, दुसऱ्या जिवासाठी अन्न आणणे, मिळकतीचा हिशेब ठेवणे, या गोष्टी बॉबमुळे अंगवळणी पडल्या आणि त्याच बळावर पुढे मेथॅडोनही सुटले, असे बोवेन यांच्या कथनातून दिसते.

गोडव्याच्या पलीकडे

या प्रकारातील अनेक पुस्तके भाबडेपणाकडे झुकतात, हे मान्य करावे लागेल. त्यावरचा उतारा म्हणजे डोरिस लेसिंग यांचे ‘पर्टिक्युलरली कॅट्स’ (१९६७). २००७ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरलेल्या या लेखिकेने आफ्रिकेतील बालपणाच्या आठवणींत, बेसुमार वाढलेल्या मांजरांना घरच्यांनीच कसे मारले, हे निर्विकारपणे नोंदविले आहे. पुढील काळात आसरा मागत आलेल्या रूफस या आजारी बोक्यावरही त्यांनी लिहिले. आसरा मिळालेल्या एका मांजरामागे न वाचलेली कितीतरी असतात, याचे भान त्यांचे लेखन देते.

अशी पुस्तके वाचून मांजर घरी आणण्याची ऊर्मी होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कथांतील काही आकडे लक्षात ठेवावेत. ड्यूई सुमारे १९ वर्षे जगला, होमर १६ आणि बॉब किमान १४. पिल्लाला उचलून घेण्यास क्षणभराची दया पुरते. पण त्यापुढे लसीकरण, निर्बीजीकरण, औषधपाणी आणि म्हातारपणातील शुश्रूषा अशी दीड-दोन दशकांची बांधिलकी उभी असते. मायरन, कूपर आणि बोवेन या तिघांनी ती शेवटपर्यंत निभावली आणि म्हणूनच त्यांच्या कथा सांगण्याजोग्या झाल्या.