हॅरी स्मिथचा गीतसंग्रह : आवाज, वर्ण आणि इतिहास

ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास लेखी साधनांत फारसा सापडत नाही. आणि जो सापडतो तो बहुधा दुसऱ्याच्या हातचा असतो. सावकाराची वही, कोर्टाचा निकाल, मालकाची हजेरी यांतून कष्टकऱ्याचे नाव कळते. त्याच्या मनात काय होते ते त्याच्या गाण्यात असते. परंतु गाणेही कोणीतरी राखले तरच राहते. म्हणून गाणी राखणारा कोण होता, त्याने काय उचलले आणि काय वगळले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने टाळता कामा नये. अमेरिकेतील हॅरी स्मिथ या तबकड्यांच्या संग्राहकाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

प्रथम त्या तबकड्यांची जन्मकथा पाहू. 1920 साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ओके कंपनीने काढली. ती तडाख्याने खपली आणि काळ्या माणसाच्या खिशातही तबकडीपुरते पैसे असतात, हा शोध कंपन्यांना लागला. मग त्यांनी बाजाराचे दोन कप्पे केले. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, दक्षिणेतील गरीब गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. कोलंबिया कंपनीने तर दोहोंच्या क्रमांकांच्या मालिकाही वेगळ्या ठेवल्या. गाणारे एकाच मुलखातले, चाली एकमेकांकडून उचललेल्या, दारिद्र्यही शेजारशेजारचे. पण यादीत पंगती वेगळ्या. हे वाचताना ज्याला आपला गाव आठवणार नाही असा वाचक विरळा. गाणाऱ्याच्या हाती सहसा एकरकमी बिदागी पडे. पुढच्या खपाशी त्याचा संबंध उरत नसे.

1929 च्या मंदीने हा धंदा मोडला. पुढे महायुद्ध आले. या तबकड्या लाखेच्या बनत, आणि जगाची लाख मुख्यत्वे हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूर आणि मध्य भारताच्या जंगलांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून ती खरवडून काढणारे हात प्रामुख्याने आदिवासींचे होते. मिसिसिपीच्या शेतमजुराचा आवाज आमच्या आदिवासीच्या श्रमावर कोरला गेला, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. 1942 साली अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हा जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी भंगारात जाऊ लागल्या. याच सुमारास एक तरुण त्या वेचू लागला होता.

हॅरी स्मिथ 1923 साली पोर्टलंड येथे जन्मला. त्याची आई लमी या मूळ रहिवासी जमातीच्या वस्तीवर शिक्षिका होती. शाळकरी वयातच तो त्या लोकांचे विधी आणि गाणी ध्वनिमुद्रित करू लागला. पुढे तो चित्रकार झाला, त्याने प्रायोगिक चित्रपट केले, परंतु पैसा त्याच्याकडे कधी टिकला नाही. न्यूयॉर्कमध्ये कडकीत सापडल्यावर तो आपला संग्रह विकण्यासाठी फोकवेज कंपनीच्या मोझेस ॲश यांच्याकडे गेला. ॲश यांनी त्याला निवडक गाण्यांचा संच तयार करायला सांगितले. 1952 साली ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा सहा तबकड्यांचा संच निघाला. त्यात मुख्यत्वे 1927 ते 1932 या काळात व्यापारासाठी काढलेली 84 ध्वनिमुद्रणे होती. मूळ कंपन्यांची रीतसर परवानगी न घेताच तो काढला होता.

स्मिथने तीन भाग केले : कथागीते, सामाजिक संगीत आणि गीते. सोबतच्या पुस्तिकेत गाण्यांच्या कथा त्याने वर्तमानपत्री मथळ्यांसारख्या थोडक्यात दिल्या. कोणता गायक काळा आणि कोणता गोरा, हे मात्र त्याने मुद्दाम लिहिले नाही. ‘रेस’ आणि ‘हिलबिली’ हे दोन्ही शिक्के पुसून त्याने सर्वांना एकाच पंगतीला बसवले. परिणाम असा झाला की मिसिसिपी जॉन हर्ट हा काळा शेतमजूर आहे, हे कित्येक श्रोत्यांना वर्षानुवर्षे कळले नाही. ते त्याला डोंगराळ भागातला गोरा समजत. ऐकून वर्ण ओळखता येतो, या समजाचा याहून सरळ पराभव कोणता असू शकेल? तोही अशा काळात, जेव्हा दक्षिणेत शाळा, बस, पाण्याचे नळ कायद्याने वेगळे होते.

या गाण्यांतला आशयही ध्यानात घेण्याजोगा आहे. एका गाण्यात हाताने जोडे शिवणारा कारागीर आहे. यंत्र येते, तो एक जोड शिवतो तोवर यंत्र शंभर काढते, आणि त्याची आरी निकामी होते. दुसऱ्यात कुळाला कर्जात बुडवणारा जमीनमालक आहे. कुठे कापसावरची कीड, कुठे सुरुंगात मरणारा हातोडेवाला. ज्याच्या घरात आरी होती, त्याला हे गाणे ‘लोककला’ म्हणून ऐकता येत नाही. तो त्याच्या धंद्याचा इतिहास असतो.

या संचाचा प्रभाव सावकाश पण खोल पडला. खप थोडा होता. तरी न्यूयॉर्कच्या तरुण गायकांनी तो तोंडपाठ केला. 1958 साली स्थापन झालेल्या न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्सने त्यातून शैली घेतली. बॉब डिलनच्या 1962 च्या पहिल्या तबकडीत ब्लाइंड लेमन जेफरसनचे गाणे आहे. मूळ ध्वनिमुद्रण स्मिथच्या संचात होते. मग तरुण मंडळी हयात गायकांच्या शोधात निघाली. हर्टच्या एका जुन्या गाण्यात त्याच्या ॲव्हलॉन गावाचा उल्लेख होता. त्या धाग्यावरून 1963 साली टॉम हॉस्किन्स तेथे पोचला. सत्तरीचा हर्ट अजून मजुरीच करीत होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो गायला. 1928 नंतर पस्तीस वर्षांनी त्याला श्रोते मिळाले, आणि 1966 मध्ये तो गेला. खाणकामगार डॉक बॉग्जही 1963 सालीच सापडला. तो गोरा होता, पण विस्मृतीच्या बाबतीत त्याचेही नशीब निराळे नव्हते.

येथवर हा संग्राहकाचा गौरव झाला. पण केवळ गौरवाने आपले काम भागत नाही. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या त्या गाण्याची मागणी एवढीच आहे की माझे थडगे स्वच्छ राखा. जेफरसन 1929 साली वारला. टेक्सासातील वर्थम येथे त्याला पुरले, आणि 1967 पर्यंत तेथे साधी खूणही नव्हती. म्हणजे त्याचे गाणे संचात आले, नव्या गायकांच्या तोंडी बसले, आणि इतके होऊनही पाच वर्षे त्याचे थडगे निनावीच राहिले. गाणे राखले म्हणजे माणूस राखला असे होत नाही.

शिक्का पुसण्यातही एक धोका असतो. वर्ण लिहिला नाही म्हणून वर्णामुळे झालेली लूट नाहीशी होत नाही. कार्टर कुटुंबाची गाणी या संचात आहेत. गाणी गोळा करीत फिरताना ए. पी. कार्टरबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असे; चाली ध्यानात ठेवण्याचे काम त्याचे. तबकडीवर त्याचे नाव नाही. ज्या मूळ रहिवाशांची गाणी ऐकून स्मिथचा कान तयार झाला, त्यांचे एकही गाणे 84 मध्ये नाही. किओवा जमातीची त्याने केलेली ध्वनिमुद्रणे 1973 साली वेगळी निघाली. आणि 2020 साली या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजू एकत्र प्रसिद्ध झाल्या, तेव्हा वंशद्वेषी शब्दांमुळे तीन गाणी वगळावी लागली. स्मिथच्या पंगतीतली काही माणसे तबकडीच्या उलट बाजूला काळ्यांची टिंगलही करीत होती! हेही इतिहासानेच सांगितले पाहिजे.

1991 मध्ये ग्रॅमी सन्मान स्वीकारताना, संगीताने अमेरिका बदललेली आपण पाहिली, असे स्मिथ म्हणाला. त्याच वर्षी तो वारला. 1997 साली स्मिथसोनियनने संच पुन्हा काढला. अमेरिका बदलली हे खरे. किती बदलली, याचे उत्तर जेफरसनच्या लोकांनी द्यायचे आहे.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणे. मी घरातला पहिला पदवीधर. इतरांची गाणी अभ्यासायला शिकलो, आणि तिची एक ओवीही उतरवून घेतली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या नोंदींत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि जातही दिलेली आहे. स्मिथने वर्ण झाकला, यांनी जात नोंदवली. दोन्ही पद्धती उलट दिसतात, तरी दोहोंची गरज आहे. ऐकताना शिक्का आड येऊ नये. आणि लिहिताना त्या शिक्क्यामुळे काय भोगावे लागले ते गाळले जाऊ नये.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : या सुट्टीत घरी जाल तेव्हा म्हातारीजवळ बसा. तिचे गाणे घ्या, आणि वहीत आधी तिचे नाव लिहा.