खडकांचे थर व प्राचीन गिरिजनन

भूकवचाचे पट्टे दाबले जाऊन, त्यांतील खडकांना घड्या पडून व ते एकमेकांवर सरकून पर्वतरांगा निर्माण होण्याच्या क्रियेस गिरिजनन म्हणतात. पर्वत झिजून नाहीसे झाले, तरी या क्रियेने खडकांत घडवून आणलेले फेरफार त्यांच्या मुळांशी टिकून राहतात. थरांचा कल, घड्या, विभंग (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांसापेक्ष सरकले आहेत अशा भेगा) आणि थरांच्या क्रमातील खंड यांवरून नष्ट झालेल्या पर्वतांचा इतिहास जुळविता येतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंबच्या परिसरात भूपृष्ठावर आडवे थरच आढळतात. परंतु मराठवाड्यात अशा थरांच्या खाली काय दडलेले आहे, याचा प्रत्यय १९९३ साली आला.

मूलतत्त्वे : थरांवरून इतिहास वाचण्याचे पहिले नियम डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडले. पाण्यात गाळ साचताना त्याचे थर जवळजवळ आडवे बसतात आणि क्रम बिघडला नसेल, तर खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. म्हणून तिरपा किंवा उभा थर आढळल्यास तो साचल्यानंतर हलला आहे, असे अनुमान काढता येते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे जेम्स हटन यांनी १७८८ मध्ये जवळजवळ उभे थर, त्यांचे झिजलेले माथे व त्यांवर पसरलेले तांबड्या वालुकाश्माचे मंद उताराचे थर पाहिले. गाळ साचून दृढ होणे, त्याला घड्या पडणे, वर आलेला भाग झिजणे आणि त्यावर पुन्हा नवा गाळ साचणे या सर्व घटनांची नोंद त्या एकाच कड्यात होती. अशा रचनेस कोनीय विसंगती म्हणतात. दोन थरसमूहांमधील ही सीमा वरवर केवळ एक रेषा दिसली, तरी ती कोट्यवधी वर्षांचा काळ दर्शविते.

सागरी थर उचलले गेल्याचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. देव्हाऱ्यात पूजला जाणारा, गंडकी नदीच्या खोऱ्यातील शाळिग्राम हा ॲमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. हिमालयातील ते थर एके काळी समुद्रतळाशी होते, याचा तो पुरावा होय.

कळंबचा परिसर : मांजरा नदीच्या खोऱ्यातील हा भाग दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसाल्ट खडकांचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्हाचे प्रवाह येथे एकावर एक पसरले. विहीर खणताना काळी माती, मुरूम, कठीण काळा पाषाण आणि पोकळ्या खनिजांनी भरलेला ‘मांजऱ्या’ खडक लागतो. काही ठिकाणी दोन प्रवाहांमध्ये तांबड्या मातीचा पातळ थर असतो. पहिला प्रवाह थंड होऊन त्याचा पृष्ठभाग झिजू लागल्यावर दुसरा त्यावर आला, असे त्यावरून कळते. हे प्रवाह जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे बालाघाटाचे डोंगर खडकांना घड्या पडून निर्माण झालेले नाहीत. नद्यांनी पठार कोरल्यावर उरलेले ते भाग होत. येथे डोंगर आहेत, पण त्यांच्या खडकांत गिरिजननाच्या खुणा नाहीत. मात्र हे थर केवळ गेल्या ६.६ कोटी वर्षांची साक्ष देतात.

नागपूर जिल्हा : ट्रॅपचे आवरण पूर्वेकडे विरळ होऊन संपते, तेथे त्याखालचे प्राचीन खडक उघडे पडतात. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील सौसर मालेचे खडक मुळात वाळू, चिखल व चुन्याचा गाळ यांचे होते. खोलवर दाब व उष्णता यांमुळे त्यांचे क्वॉर्ट्‌झाइट, अभ्रकी सुभाजा व संगमरवर यांत रूपांतर झाले. त्यांतील मँगनीजयुक्त थर मार्गदर्शक ठरले. एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. घडी पडलेला एकच थर अनेक ठिकाणी भूपृष्ठावर येतो. त्यामुळे खाणीतील धातुक पुढे कोठे जाईल, हे ठरविण्यासाठीही घडीचा आकार कळणे आवश्यक असते. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये रामटेकच्या उत्तरेकडील देवलापार परिसरात ‘नॅप’ असल्याचे प्रतिपादन केले. आडव्या पडलेल्या प्रचंड घडीचे किंवा विभंगाचे खडक चादरीसारखे दूर सरकून दुसऱ्या खडकांवर येऊन बसले, म्हणजे त्या चादरीस नॅप म्हणतात. अशी रचना आल्प्स पर्वतात प्रसिद्ध आहे. आज रामटेकजवळ उंच पर्वत नाही, परंतु सु. १०० कोटी वर्षांपूर्वी तेथे पर्वतपट्टा होता, असे या खडकांवरून दिसते.

किल्लारीचा पुरावा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) येथे ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. किल्लारी कळंबपासून आग्नेयीस सु. ८० किमी. अंतरावर आहे. माती व दगडांची घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मी. खोल वेध घेण्यात आला. त्यात ३३८ मी. जाडीचे बेसाल्ट, त्याखाली सु. ८ मी. गाळाचे खडक व त्यांच्या तळाशी अतिप्राचीन रूपांतरित खडक आढळले. या तळखडकांचे रूपांतरण भूकवचात खोलवरच शक्य असते. अर्थात त्यांच्यावरचे अनेक किमी. जाडीचे खडक झिजून गेल्यानंतरच तेथे गाळ साचला व मग लाव्हा पसरला. हटन यांनी कड्यात पाहिली तशीच ही विसंगती येथे वेधातून हाती आली.

किल्लारीचा भूकंप व्युत्क्रमी विभंगावर, म्हणजे दाबामुळे एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढून झाला. हिमालय उंचावणारा उत्तर-दक्षिण दाब द्वीपकल्पातही पोहोचतो व तळखडकांतील दुबळ्या पट्ट्यांत साचतो, असे मानले जाते. कळंबच्या दक्षिणेस तेर (प्राचीन तगर) येथे पुराच्या गाळाच्या थरांत सापडलेला विभंग सु. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाचा असावा, असे सी. पी. राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले आहे.

१९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये हा पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात समाविष्ट झाला. वरचे थर आडवे असल्याने भूकवच स्थिर आहे असे ठरत नाही, हा या भूकंपाचा भूवैज्ञानिक निष्कर्ष होय. म्हणून मराठवाड्यात घर, पूल वा धरण बांधताना बेसाल्टखालच्या जुन्या खडकांचा इतिहासही विचारात घ्यावा लागतो.