रुमानियातील सणाचे सॅलड

उकडलेला बटाटा, गाजर, मटार आणि वर पांढरे मेयोनेज, असे 'रशियन सॅलड' आपल्यापैकी पुष्कळ जणींनी हॉटेलात चाखले असेल. त्याचीच एक बहीण युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, रुमानियात नांदते. तिचे नाव सलाता दे बफ. 'बफ' हा फ्रेंच शब्द; अर्थ गोमांस. नाव ऐकून काही भगिनी पान उलटतील. पण जरा थांबावे. ते मांस तिथल्या गृहिणीने किती प्रकारे निभावून नेले, हेच तर सांगायचे आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष मॉस्कोचा. 1860 च्या दशकात तेथील 'एर्मिताज' उपाहारगृहात ल्युसियाँ ऑलिव्हिए नावाचा आचारी रानपक्ष्यांचे मांस घालून एक श्रीमंती सॅलड करी. त्यातील रसाची कृती तो कोणाला सांगत नसे. 1883 साली तो वारला आणि गुपित त्याच्याबरोबर गेले, असे म्हणतात. लोकांनी मग अंदाजाने नकला केल्या. महागडे जिन्नस गळत गेले, बटाटे-गाजरे येत गेली. पुरुषांनी लपवावे आणि बायकांनी वाटावे, हा पाकशास्त्राचा जुनाच रिवाज! (रुमानियन भाषेतील पहिले छापील पाकपुस्तकही 1841 साली याश शहरात दोघा साहित्यिक पुरुषांनीच काढले; त्यांतले कोगलनिचानु पुढे पंतप्रधान झाले.)

त्या काळी रुमानियातील सरदारांची मुले पॅरिसला शिकत आणि येताना फ्रेंच शब्द घेऊन येत. पदार्थाच्या नावात 'बफ' आहे तो त्या फ्रेंच वेडाचा अवशेष.

कृतीत मात्र शुद्ध घरगुती काटकसर आहे. मांस, गाजर, सेलरीचा कंद एकाच पातेल्यात शिजवायचे; पाण्याचे सूप होते आणि गाळात उरलेले सॅलडला लागते. बटाटे सालीसकट वेगळे उकडायचे. सारे गार झाल्यावर मटाराच्या दाण्याएवढे बारीक चिरायचे. फोडी मोठ्या राहिल्या की सुगरणीचे नाव जाते. त्यात मटार आणि शरदात बरण्यांत घातलेल्या आंबट काकड्या व तांबड्या मिरच्या. काकडी पिळून घ्यावी, नाहीतर सॅलड पाणी सोडते. मग अंड्याच्या बलकात थेंबथेंब तेल घोटून केलेले मेयोनेज आणि थोडी मोहरी. घाईने तेल ओतले की ते फाटते. शेवटी वरून मेयोनेजचा गिलावा व त्यावर ऑलिव्ह, मिरची, अंड्याचा पांढरा यांची फुले-पाने. आपल्याकडे रांगोळीवरून बाईचा हात ओळखतात, तसा तिकडे या नक्षीवरून.

खरी कसोटी लागली 1980 च्या दशकात. परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी चाउशेस्कूच्या राजवटीने देशातले अन्न बाहेर विकले. 1981 पासून रेशन सुरू झाले. मांस, अंडी, तेल यांसाठी पहाटेपासून रांगा लागत. रांगेत उभे राहणे काय असते, हे आपल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. सॅलडला नेमके हेच तीन जिन्नस हवेत! तरीही नववर्षाच्या रात्रीसाठी बायका अंडे-अंडे जमवून ठेवीत. मांस मूठभर मिळाले तर बटाटे वाढत. ताट भरलेले दिसे. डिसेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली.

आज बहुतेक घरी गोमांसाऐवजी कोंबडी घालतात. नाताळपूर्वी चाळीस दिवसांचा उपवास असतो, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्या दिवसांत नुसत्या भाज्यांचे सॅलड होते. त्यालाही म्हणतात, उपवासाचे सलाता दे बफ.